ठिपका विझतो ती जागा

१

“तो आलाय,” थोरली म्हणाली आणि खिडकीपासून मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली.

मी तिच्या टेबलाशी बसून तिच्या फोनचा पासवर्ड बदलत होते. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. थोरली कवळ्या बनवते. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दातांची लॅब आहे, तिथे दिवसा जाते आणि मेणातलं नाजूक काम खोलीवर घेऊन येते. आताही तिच्या हातात मेणाचा तुकडा होता, तो तिने मुठीत पार चेचून टाकला होता.

मी उठून पडद्याच्या फटीतून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी मेडिकलचं दुकान आहे. त्याच्या पायरीशेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता, आमच्याकडे पाठ करून.

“तोंड कुठे दिसतंय? दुसरा कुणी असेल.”

“अहो, संसार केलाय मी त्याच्याशी. पाठ ओळखणार नाही?”

आमच्या घराला पाटी नाही. घर सोडून आलेल्या बायका इथे राहतात, आणि त्यांना शोधणाऱ्यांना हे घर सापडू नये एवढंच या घराचं काम. पत्ता माहीत असतो तो आम्हा नोकरीतल्या माणसांना आणि प्रत्येक बाईच्या एकाच नातेवाइकाला. मी इथली कुलूपवाली. दाराची नव्हे, फोनची. कुणाचा फोन कुणाला काय सांगतो ते बघायचं आणि त्याचं तोंड बंद करायचं. लोकेशन बंद, मेसेज आपोआप पुसले जाणारे, पासवर्डवर पासवर्ड, आणि आपण इंटरनेटवर कुठून बोलतोय ते झाकणारं व्हीपीएन, ज्याला घरात सगळे ‘पांघरूण’ म्हणतात. हे सगळं मी घसा कोरडा करून शिकवते आणि माणसं मान डोलावतात. त्या मान डोलावण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

वॉर्डनबाई धापा टाकत वर आल्या, फटीतून एकदा बघितलं आणि निर्णय देऊन मोकळ्या झाल्या.

“बॅग भर. अंधार पडायच्या आत तुला गाडीने बाहेरगावच्या घरी पोचवतो.”

“पुन्हा?” थोरली म्हणाली. “तिसरी जागा आहे ही माझी. लॅबमध्ये आत्ता कुठे हात बसलाय. पुढच्या महिन्यापासून कायम करतो म्हणालेत ते.”

“जीव महत्त्वाचा का कवळ्या?”

“मला दोन्ही पाहिजेत,” ती साधेपणाने म्हणाली. मग तिने विचारलं, “आणि तो तिथेही आला तर?”

पोलिसांना कळवलेलं होतं. रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही, असं उत्तर आलं होतं. राहता राहिला थोरलीचा प्रश्न, आणि तो बिनतोड होता. ज्याच्याकडून हा पत्ता फुटला, त्याच्याकडून पुढचाही फुटणार. ती भोक पडलेली पिशवी घेऊन गावभर हिंडल्यासारखी हिंडत राहणार.

वॉर्डनबाईंनी एकच फोन लावला. “काकू, लगेच या. पत्ता फुटलाय.” मग माझ्याकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला. “आणि फोडणारा आपल्यातलाच आहे.”

२

उकरकाकू आल्या त्याच मुळी “कुणी कुठे जायचं नाही” असं म्हणत.

काकू आमच्या संस्थेच्या विश्वस्त. सगळी नोकरी विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेली, त्यामुळे समोरचा माणूस नमस्कार करतो तोही त्यांना दोन बाजूंनी तपासून घ्यावासा वाटतो. उकरकाकू हे नाव त्यांना कुणी पाडलं कोण जाणे, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही. त्यांना एका जागी बसवत नाही. खोलीत येरझाऱ्या घालत विचारतात, आणि उत्तर देणाऱ्याची मान दुखायला लागते.

“तो नक्की काय करतोय ते सांगा. काय वाटतंय ते नको.”

“उभा आहे,” मी म्हटलं.

“आजच?”

ड्रायव्हरदादा दारात उभे होते. “काल दुपारीही होता. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतोय. मधेच फोन बघायचा, मधेच रस्त्याकडे.”

“आपल्या गेटकडे बघत होता?”

“नाही. समोरच्या गल्लीत बघायचा, मग त्या शेजारच्या बोळात. मी गाडी आत घेतली तेव्हा तर त्याची पाठच होती.”

“मुद्दाम करतोय,” वॉर्डनबाई दातओठ खात म्हणाल्या. “मला बघायचीसुद्धा गरज नाही, असं दाखवतोय. असली माणसं मी पुष्कळ पाहिलीत.”

“असेल,” काकू म्हणाल्या. त्यांचं ‘असेल’ हे फार वाईट असतं. त्याचा अर्थ ‘नसेल’ असा होतो. “थोरली इथे आहे हे कुणाकुणाला माहीत आहे?”

मोजायला फार वेळ लागला नाही. वॉर्डनबाई, समुपदेशन करणाऱ्या ताई, ड्रायव्हरदादा, मी, आणि थोरलीची धाकटी बहीण, जी तिच्या सुट्टीच्या वारी भेटायला येते.

“बोलण्यातून फुटला का फोनमधून?” काकूंनी मला विचारलं.

“बोलण्यातून फुटला असेल तर तुमचं काम. फोनमधून असेल तर माझं.”

“मग तुझ्यापासून सुरुवात करू. बघ सगळ्यांचे फोन.”

मी एकेक फोन हातात घेतला. पहिला पाहिला तेव्हा राग आला. दुसरा पाहिला तेव्हा डोकं तापलं. तिसरा पाहून झाल्यावर मी खुर्चीत बसून तिन्ही पुन्हा एकदा पाहिले.

मी बसवलेलं एकही कुलूप तीनपैकी एकाही फोनवर शाबूत नव्हतं.

३

“रागावू नकोस,” काकू मला म्हणाल्या. “रागावलेल्या माणसाला लोक खोटं सांगतात. तू बस, मी विचारते.”

ड्रायव्हरदादांनी पांघरूण काढून टाकलं होतं. “तुम्ही म्हणालात म्हणून घेतलं होतं, पण त्या फोनला काय भूत लागलं! एकदा एका बाईला कोर्टात न्यायचं होतं. वाटेत नकाशा उघडला, तर नुसतं चक्र फिरतंय. आम्ही पोचलो तेव्हा तिचं नाव पुकारून झालं होतं. बाई मागच्या सीटवर ढसाढसा रडली. त्या संध्याकाळी काढून टाकलं. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं.”

“मला सांगितलं असतं तर मी ते दोन मिनिटांत नीट केलं असतं!” मी ओरडलेच.

“तुम्हाला काही सांगायला गेलं की तुम्ही अशा ओरडता,” ड्रायव्हरदादा म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची मेहरबानी.

वॉर्डनबाईंनी दुहेरी पासवर्ड बंद केला होता. कारण त्या एकदा आपल्याच फोनबाहेर अडकल्या. कोड जुन्या नंबरवर जात राहिला, आणि त्याच वेळी एक बाई स्टँडवर लेकराला घेऊन यांच्या फोनची वाट बघत बसलेली. “तुझं कुलूप चोराला अडवेल तेव्हा अडवेल,” वॉर्डनबाई मला म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा करडा नव्हता. “मला अडवलं त्याने. ती बाई परत घरी गेली असती तर?”

ताईंचं वेगळंच. त्यांनी मेसेज पुसले जाणं थांबवलं होतं. विचारल्यावर त्यांनी फोन उघडून काकूंसमोर धरला. इथून बरी होऊन गेलेल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘ताई, आज मी पहिल्यांदा दार उघडं ठेवून झोपले.’

“हा पुसला जाणार होता,” ताई म्हणाल्या. “दिवसभर लोकांचं रडणं ऐकते मी. एखादा दिवस असा येतो की वाटतं, आपला काही उपयोग नाही. तेव्हा हा वाचते. नाही पुसू दिला. काय शिक्षा करायची ती करा.”

मी इतके दिवस समजत होते की माणसं आळसाने कुलूप काढतात. यातलं एकही आळसाने निघालेलं नव्हतं. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण भोकं तीन सापडली होती आणि बाहेर तो माणूस अजून उभाच होता.

“मग यांच्यातलं कोण?” मी काकूंना बाजूला घेऊन विचारलं.

“कुणीच नाही.”

“तीनही फोन उघडे आहेत!”

“असू देत. त्या बाहेरच्याला ड्रायव्हरचं नाव माहीत आहे? वॉर्डनचा नंबर? ताई नावाचं कुणी जगात आहे हे तरी? ज्याची त्याला ओळखच नाही, त्याचा फोन उघडा असो नाहीतर झाकलेला, त्याला काय त्याचं? पाळत ठेवायची तर ओळखीच्या माणसावर ठेवावी लागते. या पाचांत त्याच्या ओळखीचं एकच माणूस आहे.”

“धाकटी? शक्यच नाही!” मी हसलेच. “काकू, मी शिकवलेलं शंभर टक्के पाळणारी एकटी तीच आहे. बाकीच्यांना मी तिचं उदाहरण देते.”

काकू येरझाऱ्या घालायच्या थांबल्या.

“शंभर टक्के?” त्या म्हणाल्या. “चल, थोरलीकडे जाऊ. मला आता खरी भीती वाटायला लागली.”

४

थोरली बॅग भरत होती. मेणकामाची हत्यारं तिने फडक्यात गुंडाळून आत ठेवली होती, पुन्हा बाहेर काढली होती, पुन्हा ठेवत होती.

“धाकटी येते तेव्हा काय काय करते?” काकूंनी विचारलं.

“काय करणार? येते, बसते, तिच्या चष्म्याच्या दुकानातल्या गमती सांगते, आईचं सांगते. आमची आई विसरते ना सगळं. घरातून निघते आणि कुठे चालली तेच तिला आठवत नाही.”

“आणि फोन?”

“तो तर ती कोपऱ्यावरच बंद करते, मेडिकलपाशी. वॉर्डनबाईंचाच नियम आहे, गेटपाशी उभं राहून फोन चाळत बसायचं नाही, काय बंद करायचं ते कोपऱ्यावर करून मग गल्लीत शिरायचं. ती फार कटाक्षाने पाळते. फक्त बंद करायच्या आधी माझ्यासाठी एक फोटो पाठवते.”

“कसला फोटो?” मी आणि काकू एकदमच म्हणालो.

थोरलीने फोन पुढे केला. नकाशाचे फोटो होते. नकाशावर रंगीत ठिपके, प्रत्येक ठिपक्यावर घरातल्या कुणाचं तरी नाव.

“आईसाठी घेतलेलं ॲप आहे. ती हरवली की जो जवळ असेल त्याने जाऊन आणायचं, म्हणून सगळ्यांच्या फोनवर आहे. माझ्या फोनवरून मी घर सोडलं तेव्हाच काढलं. पण आई कुठे आहे हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून धाकटी कोपऱ्यावर उभी राहून तो नकाशा उघडते, त्याचा फोटो काढून मला पाठवते आणि मग लोकेशन आणि फोन दोन्ही बंद करते. बघा, हा आईचा ठिपका. घरीच आहे. हा धाकटीचा.”

मी फोटोत नावं वाचत होते. आई. धाकटी. दादा, म्हणजे त्यांचा भाऊ. आणि चौथा ठिपका होता, त्यावर लिहिलं होतं ‘भाऊजी’.

“हा अजून यात आहे?” मी विचारलं.

“त्यानेच तर बसवलं होतं सगळ्यांना. तेव्हा आई त्याचं कौतुक करताना थकत नव्हती. त्याला काढता येत नाही, ॲप त्याच्या नावावर आहे. आणि...” थोरलीने मान खाली घातली. “आई दोनदा रस्त्यावर सापडली, ती त्यालाच. पाणी पाजून, रिक्षात घालून घरी आणून सोडली. माझ्याशी कसाही वागला तरी आईला त्याने कधी दुखावलं नाही.”

“धाकटी मला हे बोलली नाही,” मी म्हटलं. “मी तिला विचारलं होतं, तुझं लोकेशन कुणाला दिसतं का. नाही म्हणाली ती.”

“तिला वाटलं असणार, ते आईचं ॲप आहे. तिचं नाही.”

काकू फोटो पुढे सरकवत होत्या. एकामागून एक. प्रत्येकात आईचा ठिपका वेगळ्या जागी, दादाचा वेगळ्या जागी. धाकटीचा मात्र प्रत्येकात एकाच ठिकाणी, मेडिकलच्या कोपऱ्यावर.

“कुलूपवाली,” काकू म्हणाल्या, “लोकेशन बंद केलं की नकाशावर ठिपक्याचं काय होतं?”

“ज्या जागी बंद केलं तिथे तो विझल्यासारखा होतो. शेवटची जागा म्हणून तसाच दिसत राहतो, फोन परत चालू करेपर्यंत.”

“म्हणजे बायको पळालेल्या नवऱ्याला काय दिसलं बघ. मेहुणी सगळा आठवडा नकाशावर लख्ख दिसते. दुकान, घर, भाजी, आई. फक्त सुट्टीच्या दुपारी एका कोपऱ्यावर विझते आणि तासा-दोन तासांनी त्याच कोपऱ्यावर परत पेटते. प्रत्येक सुट्टीला. तुझी बाकीची माणसं नियम मोडत होती म्हणून कुणाच्या नजरेत आली नाहीत. ही पाळत होती म्हणून आली.”

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू खिडकीपाशी गेल्या.

“आता त्याच्या पाठीचा अर्थ लावा. तो आपल्याला हिणवत नाहीये. कोपऱ्यावर तीन गल्ल्या मिळतात. तो तिन्हींकडे आळीपाळीने बघतोय, कारण यातली कुठली ते त्याला माहीत नाही. पत्ता फुटलेला नाही, थोरले. फक्त कोपरा फुटलाय.”

थोरली बॅगेवरच बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“मग मी इथे राहू शकते?”

काकूंनी उत्तर द्यायच्या आत खाली गेटचा अडसर खडखडला आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. वॉर्डनबाईंनी आमची वाट बघितली नव्हती. गेट उघडून, बॅगा चढवून, बाईला गाडीत बसवून आम्ही त्याला हवं ते घर आपल्या हाताने दाखवायला निघालो होतो.

५

मी जिन्यावरून कशी उतरले ते मला ठाऊक नाही. “बंद करा! गेट बंद करा!” असं कुजबुजत ओरडत होते, आणि कुजबुजत ओरडणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. ड्रायव्हरदादांनी गाडी बंद केली. गेट जेमतेम वीतभर उघडलं होतं.

काकू मागून आल्या, वॉर्डनबाईंना सगळं सांगितलं. त्या मटकन पायरीवर बसल्या. कोपऱ्याचा नियम त्यांचाच होता.

“आता सुटलो,” मी म्हटलं. “तो कंटाळेल आणि जाईल.”

“धाकटीची सुट्टी कधी असते?” काकूंनी विचारलं.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मी वॉर्डनबाईंच्या चेहऱ्यावर पाहिलं. सुट्टी आजच होती. तो काल जागा बघून गेला होता आणि आज तिचीच वाट बघत होता. ती येणार, फोन बंद करणार आणि आज्ञाधारकपणे आमच्या गल्लीत शिरणार.

मी माझ्या फोनवरून तिला फोन लावला. तिने उचलला नाही. का उचलेल? अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. थोरलीचा मेसेजही तिने उघडला नव्हता. बसमध्ये फोन पर्समधून बाहेर काढायचा नाही, हेही माझंच.

ड्रायव्हरदादांनी काही न बोलता मोटरसायकल काढली. कोपऱ्याच्या अलीकडच्या बसथांब्यावर जाऊन तिला उतरवून घ्यायचं, असं ठरलं. काकू आणि मी चालत निघालो. गेटातून नेहमीच्या बायकांसारख्या बाहेर पडलो, हातात भाजीची पिशवी. कोपऱ्यावर तो उभा होताच. जवळून पहिल्यांदाच पाहिला. चेहरा शांत, चांगल्या घरातला. काकूंना वाट द्यायला तो अदबीने बाजूला सरकला. त्याच्या हातातल्या फोनवर नकाशा उघडा होता हेही मला दिसलं.

थांब्यावर धाकटी ड्रायव्हरदादांशेजारी उभी होती, घाबरीघुबरी. काकूंनी तिला मोजक्या शब्दांत सांगितलं. ती ऐकत गेली आणि मग माझ्यावर उसळली.

“तुम्ही सांगितलं ते सगळं केलं मी! एक दिवस चुकले नाही. आधी मी असलं काही वापरत नव्हते, माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय म्हणायचे. फक्त तिच्यासाठी शिकले सगळं. आणि माझ्यामुळेच तो आला?”

“तुझ्यामुळे नाही,” मी म्हटलं. “माझं शिकवणं कच्चं होतं. काय बंद करायचं ते शिकवलं. बंद केलेलं कुणाला कसं दिसतं, ते मी कधी विचारच केला नाही.” हे बोलणं मला जड गेलं, पण बोलल्यावर जरा बरं वाटलं.

“मग मी आता परत जाते. ॲपही काढून टाकते.”

“काढलंस तर त्याला खात्री पटेल,” काकू म्हणाल्या. “परत गेलीस तरी पटेल. तुझा ठिपका या थांब्यापर्यंत आलेला त्याने बघितलाय. आणि उद्या आई हरवली तर?” त्या थांब्याच्या छपराखाली चार पावलं गेल्या आणि वळल्या. “त्याला कोडं पडलंय. तू त्या कोपऱ्यावर का विझतेस? कोडं सुटलं तरच माणूस उठून जातो. आपण त्याला ते सोडवून द्यायचं. ड्रायव्हर, त्या कोपऱ्यावर आहे काय काय?”

“मेडिकल. इस्त्रीवाला. मेडिकलच्या वर गाण्याचा क्लास.”

काकू हसल्या. त्या दिवसभरात पहिल्यांदाच. “क्लासमध्ये फोन बंद करायला लावतात ना?”

“मला गाता येत नाही हो!” धाकटी रडवेली होऊन म्हणाली.

“येत असतं तर क्लास कशाला लावला असतास?”

बेत असा होता की ती आजपासून तिथे जाईल, लपूनछपून नाही, त्याच्या नाकासमोरून. फोन चालू, लोकेशन चालू, दर सुट्टीला. ठिपका कोपऱ्यावर येईल, जिना चढेल, खाली उतरेल, घरी जाईल. पुन्हा कधी विझणार नाही.

धाकटीला सगळं समजलं. पण समजल्यावर तिचा चेहरा उतरला. “मग मी तिला भेटायचं कधी?”

“नाही भेटायचं,” काकू म्हणाल्या. “निदान आत्ता तरी नाही.”

“ती इथून हाकेवर असताना?”

“भेटलीस तर तिला पुन्हा पळावं लागेल. आणि पुढच्या गावी तर तुला हाकही ऐकू येणार नाही.”

दोन बस आल्या आणि गेल्या. मग धाकटीने डोळे पुसले, पर्समधून फोन काढला आणि माझ्या हातात दिला.

“तुम्हीच करून द्या,” ती म्हणाली. “कायमचं चालू राहील असं. माझ्या हातून चुकून बंद व्हायला नको.”

इतकी वर्षं मी लोकांचे फोन झाकत आले. उघडा करून दिलेला तो पहिलाच. एकेक बटण मी उलटं फिरवत गेले. हिचा जाता-येता, उठता-बसता माग तो काढत राहणार होता, आणि ती ते आपल्या मर्जीने पत्करत होती.

६

काकू पुढे जाऊन गाण्याच्या बाईंशी बोलून आल्या. काय बोलल्या ते सांगितलं नाही. मी मेडिकलमध्ये बँडेजपट्ट्या चाळत उभी राहिले.

धाकटी आली. तो पुढे झाला.

“अगं! तू इकडे कुठे?”

“भाऊजी?” ती दचकली, आणि ते दचकणं तरी खरंच होतं. “माझा क्लास असतो ना वर. गाण्याचा.”

“गाण्याचा? तू?” तो हसला. “घरात कुणाला बोलली नाहीस.”

“हसाल म्हणून नाही बोलले. हसलातच बघा. आईपाशी बसून काहीतरी गुणगुणलं की ती उठून बाहेर जात नाही. म्हटलं, चार गाणी नीट शिकावीत. बाई फार कडक आहेत, फोन बंद करून मग आत घेतात. मीच भांडले शेवटी. म्हटलं, आईचा फोन आला तर? आजपासून चालू ठेवायची परवानगी दिलीय.”

तिला खोटं बोलता येतं असं मला वाटलं नव्हतं. तिलाही वाटलं नसावं. ती जिना चढून गेली. तो खालीच थांबला, फोनमधल्या ठिपक्याकडे बघत. मग त्याने मान वर केली.

वरच्या खिडकीतून आवाज यायला लागला. गाण्याच्या बाई एक ओळ म्हणायच्या आणि मागून धाकटी. ती इतकी बेसूर होती की इस्त्रीवाल्यानेही हातातली इस्त्री थांबवली. असं गाणं सोंग म्हणून कुणालाही जमणार नाही. तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग वैतागून फोन खिशात घातला आणि थांब्याच्या दिशेने चालायला लागला. नंतर दोन-तीन सुट्ट्यांना तो येऊन गेला, पायरीशी उभा राहून ऐकून गेला. पुढे दिसला नाही.

त्या दिवशी मी घरी येऊन थेट थोरलीच्या खोलीत गेले. तिला वाईट बातमी कशी सांगावी ते वाटेत ठरवत आले होते. पण पडदा लावलेला होता आणि ती पडद्यामागे जमिनीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. बॅग उघडून हत्यारं पुन्हा टेबलावर मांडलेली होती. गल्ली ओलांडून तो आवाज खोलीत नीट पोचत होता.

“धाकटीच आहे ना?” तिने विचारलं.

“हो.”

“ती आता इथे येणार नाही?”

“नाही.”

थोरलीने ओढणी तोंडात कोंबली. ती हसते आहे का रडते आहे ते मला कळेना, बहुतेक दोन्ही असावं.

“लहानपणापासून अशीच गाते,” ती म्हणाली. “मी उशी फेकून मारायचे तिला, गप्प बस म्हणून.”

पलीकडे धाकटीने तीच ओळ पुन्हा उचलली, यावेळी जरा मोठ्याने. थोरलीने हात लांब करून खिडकीची काच सरकवली, पडदा मात्र तसाच ठेवला, आणि क्लास सुटेपर्यंत ती ऐकत बसली.